स्फॅग्नमची भरती : पहिल्या महायुद्धात मॉस ओळखणाऱ्यांची गोष्ट

या मालिकेत आपण आजवर किल्ले, तोफा आणि मोहिमा यांबद्दल बरंच बोललो. आजच्या गोष्टीत तोफ फक्त मागून ऐकू येणार आहे. पुढे उभी आहे ती वीतभर उंचीची, मुळं नसलेली, फुलं न येणारी एक वनस्पती. ती ओळखता येणाऱ्या मूठभर माणसांनी पहिल्या महायुद्धात जे काम केलं, त्याची ही हकीकत आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण विहिरीच्या पायरीवर निसरडं होतं त्यालाही शेवाळ म्हणतो, तळ्यावर तरंगणाऱ्या हिरव्या जाळीलाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात कौलावर मखमलीसारखं उगवतं त्यालाही शेवाळच म्हणतो. यातली तळ्यावरची जाळी म्हणजे शैवाल. कौलावरची मखमल म्हणजे मॉस. शाळेच्या पुस्तकात ज्यांना ‘वनस्पतीसृष्टीचे उभयचर’ म्हटलं आहे, त्या ब्रायोफायटा गटातलं हे मॉस. पुढच्या सगळ्या बोलण्यात मी मॉस हाच शब्द वापरणार आहे, म्हणजे तळ्यातली जाळी तुमच्या डोळ्यांपुढे येणार नाही.

मॉसचे हजारो प्रकार आहेत. त्यातल्या एका कुळाचं नाव स्फॅग्नम. इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, रोपवाटिकेत ऑर्किडच्या मुळांभोवती गुंडाळायला जे वाळलेलं, फिकट पिवळसर मॉस पाकिटात मिळतं, ते हेच. पाकिटावर नुसतं ‘स्फॅग्नम मॉस’ एवढंच छापलेलं असतं. ऑर्किडला तेवढं पुरतं. पण जगात स्फॅग्नमच्या शेकडो जाती आहेत, एकट्या ब्रिटनमध्ये तीसहून अधिक आहेत आणि १९१४ मध्ये प्रश्न ऑर्किडचा नव्हता. प्रश्न होता उघड्या जखमेचा. त्या वेळी ‘कोणतं स्फॅग्नम?’ हे विचारणं भाग पडलं.

परिस्थिती काय होती ते पाहू. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि काही आठवड्यांतच फ्रान्स व बेल्जियममध्ये दोन्ही बाजूंचं सैन्य खंदकांत उतरलं. आपलं हिंदी सैन्यही सप्टेंबरच्या शेवटी मार्सेय बंदरात उतरलं आणि ऑक्टोबरमध्ये ईप्रच्या आघाडीवर पोचलं. या लढाईत बहुतेक जखमा बंदुकीच्या गोळीने नव्हे, तर तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी होत. असा तुकडा सरळ भोक पाडत नाही. तो मांस फाडतो आणि गणवेशाच्या चिंध्या व माती आत घेऊन जातो. तिथली माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली शेतजमीन. धनुर्वात आणि गॅस गँग्रीन यांचे जंतू त्या मातीत घर करून होते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. जखम स्वच्छ करायची, सडलेलं मांस कापायचं आणि वाहणारं रक्त-पू शोषून घेणारी पट्टी बांधायची, एवढंच डॉक्टरच्या हातात होतं.

पट्टी म्हणजे कापूस. आणि कापसाला दुसरा मोठा गिऱ्हाईक होता. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून गनकॉटन बनतं आणि त्यापासून तोफांची दारू. म्हणजे जो कापूस जखम बांधायला हवा, तोच जखम करायलाही हवा होता. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने कापसाला युद्धकाळातील निषिद्ध माल ठरवलं, म्हणजे तो समुद्रमार्गे शत्रूकडे जाऊ देणं बंद केलं. कापसाची लष्करी किंमत किती वाढली होती ते यावरून कळतं.

इथे फौजी माणूस म्हणून एक मुद्दा सांगतो. पट्टीचा विचार नागरी दवाखान्यात बसून केला तर चुकतो. प्रत्येक जवानाच्या खिशात फर्स्ट फील्ड ड्रेसिंग असतं, पण ती सुरुवात झाली. तिथून जखमी माणूस पलटणीच्या मदत चौकीवर जातो, मग ड्रेसिंग स्टेशन, मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, मग रेल्वेने किंवा जहाजाने बेस हॉस्पिटल. या साखळीत तास जातात, कधी दिवस जातात. प्रत्येक टप्प्यावर पट्टी बदलायला हात नसतात, आणि बदलली की जखम पुन्हा उघडी पडते. त्यामुळे लढाईतल्या पट्टीची खरी परीक्षा एकच : ती किती वेळ टिकते? कापूस इथे कमी पडतो. जखमेवरचा भाग भिजून चिंब होतो, कडेचा भाग कोरडाच राहतो आणि ओल बाहेर झिरपू लागते.

स्फॅग्नमचं वागणं वेगळं आहे. कोरडा कापूस स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट द्रव धरतो. चांगल्या जातीचं कोरडं स्फॅग्नम सोळा ते बावीस पट धरतं. शिवाय ते द्रव आडवा पसरवतं. सगळी पट्टी सारखी भिजते आणि ती पूर्ण भरेपर्यंत बाहेर ओल येत नाही. म्हणून ती कमी वेळा बदलावी लागते. वर सांगितलेल्या साखळीसाठी याहून सोयीचं काय हवं?

हे गुण १९१४ मध्ये कोणी अचानक शोधले नव्हते. उत्तर युरोपच्या दलदली भागात लोक पूर्वापार जखमेवर हे मॉस दाबत आले आहेत. शस्त्रक्रियेच्या जगात त्याला पहिली पद्धतशीर जागा जर्मनीत मिळाली. १८८० च्या दशकात कील शहरातील शल्यविशारद गुस्टाव नॉयबर यांनी पीट, म्हणजे दलदलीत साचलेलं जुनं स्फॅग्नम, पट्ट्यांसाठी वापरायला सुरुवात केली आणि पुढे तिथे ताज्या मॉसच्या पट्ट्याही आल्या. युद्ध सुरू झालं तेव्हा शत्रूकडे हे ज्ञान तयार होतं.

ब्रिटनमध्ये ते आणलं एडिनबरोच्या दोन माणसांनी. चार्ल्स कॅथकार्ट हे शल्यविशारद, आणि आयझॅक बेली बाल्फर हे तिथल्या राजवनस्पती उद्यानाचे प्रमुख. १९१४ च्या अखेरीस त्यांनी ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्रात लेख लिहून हे मॉस पट्ट्यांसाठी वापरावं, जर्मनीत ते वापरलं जातंच आहे, असं मांडलं. इथे डॉक्टरला वनस्पतिशास्त्रज्ञाची गरज का पडली, हे समजून घ्यायला हवं. आजच्या गोष्टीचा गाभा तोच आहे.

स्फॅग्नमचं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की दोन प्रकारच्या पेशी दिसतात. एक म्हणजे अरुंद, जिवंत, हिरव्या पेशी. त्यांचं जाळं असतं, मासे पकडायच्या जाळ्याच्या दोऱ्यांसारखं. त्या जाळ्याच्या प्रत्येक भोकात एक मोठी, मेलेली, रिकामी, पारदर्शक पेशी बसलेली असते. तिच्या भिंतीला आतून धाग्यांच्या कड्या असतात, त्यामुळे पाणी गेलं तरी ती चिमटत नाही. भिंतीवर छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत शिरतं. म्हणजे हे मॉस हजारो छोट्या रांजणांचं बनलेलं आहे, आणि वाळवलं तरी रांजण फुटत नाहीत. त्याच्या पेशीभित्तिकांमध्ये अशी आम्लं असतात, जी पाण्यातले क्षार पकडतात आणि बदल्यात आम्लता सोडतात. आम्लधर्मी ओलाव्यात बरेच जंतू वाढत नाहीत. जखमेवर हाही फायदाच.

पण रांजण सगळ्या जातींत सारखे नसतात. दलदलीच्या डबक्यात तरंगणारं कस्पिडेटम हे बारीक, लांब, लुळं स्फॅग्नम आहे. पाण्यातून उचललं की सगळ्या फांद्या अंगाला चिकटून लोंबतात. वाळवलं की त्याचा केरकचरा होतो. लालसर, नाजूक फांद्यांच्या काही जाती दिसायला फार देखण्या, पण पानं इतकी लहान आणि विरळ की पिशवी भरली तरी शोषून घेण्याचं बळ येत नाही. कुरकुरीत जाती हाताळताना तुटून भुकटी होतात, आणि भुकटी जखमेवर टोचते. हे सगळं एकाच दलदलीत, कधी कधी एकाच हातभर जागेत, एकमेकांत मिसळून वाढतं. दलदलीतून मिळेल ते ओरबाडून भरलेली पट्टी दिसायला उत्तम पट्टीसारखीच दिसेल. फरक कळेल तो रेल्वेच्या डब्यात, मध्यरात्री, जखमी माणसाच्या अंगावर.

कॅथकार्ट आणि बाल्फर यांनी दोन जातींवर बोट ठेवलं : पॅपिलोसम आणि पालुस्ट्रे. पुढे अमेरिकेत आणि कॅनडात काम झालं तेव्हा यादी चारवर गेली. त्यात इम्ब्रिकेटम आणि मॅगेलॅनिकम यांची भर पडली, आणि पहिला नंबर पॅपिलोसमनेच राखला. हे चारही एकाच घराण्यातले भाऊ आहेत. चौघेही जाडजूड, फांद्या फुगीर, पानं होडीसारखी खोलगट आणि टोकाला कानटोपीसारखी वळलेली. म्हणून घराणं ओळखणं सोपं. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं की शिकाऊ माणूसही एका दिवसात ते शिकतो. भाऊ-भाऊ वेगळे काढणं हे मात्र खरं कठीण काम.

उघड्या डोळ्यांनी जे दिसतं ते आधी सांगतो. पॅपिलोसमचा रंग पिवळसर तपकिरी, गुळाच्या खड्याच्या जवळ जाणारा. त्याच्या फांद्या आखूड आणि बोथट. पालुस्ट्रे हिरवट, फांद्यांची टोकं निमुळती होत गेलेली. मॅगेलॅनिकम वाइनसारखं गडद लाल. जागाही थोडी वेगवेगळी. पॅपिलोसमला उघड्या माळावरची, पावसाच्या पाण्यावर जगणारी दलदल आवडते, तर पालुस्ट्रे झाडांच्या कडेने, जिथे झिरपणाऱ्या पाण्यातून थोडं अन्न मिळतं तिथे जास्त दिसतं.

आता अडचण. रंग हा गणवेश आहे आणि गणवेश बदलता येतो. सावलीत वाढलेलं पॅपिलोसम तपकिरी होतच नाही, हिरवंच राहतं आणि पालुस्ट्रेसारखं दिसतं. सावलीतलं मॅगेलॅनिकमसुद्धा हिरवं असू शकतं, लाल रंगाचा जेमतेम एखादा ठिपका. वाळल्यावर तर चौघांचेही रंग फिकटतात. विमानांची ओळख शिकवताना आम्हाला सांगत, रंगावर जाऊ नका, आकार पाहा. मॉसच्या बाबतीत तो आकार पेशीत लपलेला असतो.

त्यासाठी पान आडवं कापावं लागतं. ओल्या फांदीवर धारदार ब्लेडने अगदी पातळ चकत्या काढायच्या, जांभळ्या रंगाचा थेंब टाकायचा, कारण हे मॉस रंगाशिवाय फारच पारदर्शक असतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. चकतीत मोठ्या रिकाम्या पेशींच्या मध्ये हिरवी पेशी कापलेली दिसते. तिचा आकार म्हणजे या घराण्यातलं ओळखपत्र. पालुस्ट्रेमध्ये ती अरुंद त्रिकोणासारखी असते आणि त्रिकोणाचं बूड पानाच्या खोलगट बाजूला येतं. पॅपिलोसममध्ये ती पिंपासारखी, मध्ये फुगीर असते. मॅगेलॅनिकममध्ये ती छोटी, लंबगोल आणि दोन्ही बाजूंनी रिकाम्या पेशींनी पुरती झाकलेली. इम्ब्रिकेटममध्ये रुंद बुडाचा त्रिकोण, आणि शेजारच्या भिंतीवर कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक रेषा.

पॅपिलोसमला नावच मिळालं आहे ते त्याच्या भिंतीवरून. हिरव्या पेशीला लागून असलेल्या भिंतीवर आतून बारीक बारीक उंचवटे असतात, काट्यांच्या टोकांसारखे. लॅटिनमध्ये अशा उंचवट्याला पॅपिला म्हणतात. पण निसर्ग इथेही एक खोडी काढतो. पॅपिलोसमचा एक प्रकार असा आहे, ज्याची भिंत जवळजवळ गुळगुळीत असते. फक्त उंचवटे शोधणारा त्याला पालुस्ट्रे म्हणून सोडून देईल. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. पेशीचा आकार, भिंत, फांद्यांची ठेवण, वाढण्याची जागा, सगळं एकत्र तोलायचं. आमच्याकडे गुप्तवार्तेचा नियम हाच होता : एका स्रोताची बातमी ही बातमी नसते.

युद्धापूर्वी ही विद्या कोणाकडे होती? विद्यापीठांतले काही प्राध्यापक, वनस्पतींचा संग्रह सांभाळणारे काही लोक आणि रविवारी भिंग घेऊन दलदलीत फिरणारे हौशी. अमेरिकेत अशा हौशी व अभ्यासकांची सलिव्हंट मॉस सोसायटी नावाची संस्था होती. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न या मंडळींना कायम ऐकावा लागत असणार, याबद्दल मला शंका नाही. १९१८ मध्ये त्यांच्याच ‘द ब्रायोलॉजिस्ट’ या नियतकालिकात येल विद्यापीठाच्या जॉर्ज निकल्स यांनी आवाहन छापलं : अमेरिकन रेड क्रॉसला पट्ट्यांसाठी योग्य स्फॅग्नम कुठे आणि किती आहे याची माहिती हवी आहे. मॉस ओळखणाऱ्यांना युद्धकार्यासाठी आलेलं हे बोलावणं होतं. तिकडे सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन विल्यम हॉटसन प्रशांत किनाऱ्यावरच्या दलदली धुंडाळून जाती तपासत होते. कॅनडात या कामाचा भार उचलला मॅकगिल विद्यापीठाच्या जॉन बॉन्सल पोर्टर यांनी. गंमत म्हणजे ते खाणकामाचे प्राध्यापक होते.

प्रत्यक्ष गोळा करण्याचं काम मात्र साध्या माणसांनी केलं. स्कॉटलंडच्या आणि आयर्लंडच्या माळांवर, इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या दलदलीत बायका, मुलं, म्हातारी माणसं गुडघाभर चिखलात उतरली. मॉस उपसायचं, पिळायचं, पोत्यात भरून आणायचं, गवतावर पसरून वाळवायचं. मग लांब टेबलांभोवती बसून त्यातलं गवत, काटक्या, किडे हाताने वेचायचे, जसे आपल्याकडे तांदूळ निवडतात तसे. निवडलेलं मॉस मलमलीच्या पिशव्यांत भरायचं, निर्जंतुक करायचं आणि पाठवायचं. डब्लिनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ सायन्समधलं हे केंद्र एल्सी हेन्री यांनी चालवलं. चीनमधल्या वनस्पतींचे नामवंत अभ्यासक ऑगस्टीन हेन्री यांच्या त्या पत्नी. म्हणजे कामाची उतरंड स्पष्ट होती : वर जात ठरवणारे मोजके डोळे आणि खाली निवडणारे असंख्य हात. दोन्हींपैकी एक जरी नसतं, तरी पट्टी झाली नसती.

१९१६ पर्यंत ब्रिटिश युद्धखात्याने या पट्ट्यांना अधिकृत मान्यता दिली. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून दर महिन्याला सुमारे दहा लाख स्फॅग्नम पट्ट्या बाहेर जात होत्या, फ्रान्सच्या रुग्णालयांत, इजिप्तमध्ये आणि मेसोपोटेमियात. शेवटचं नाव लक्षात ठेवा. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. परदेशी गेलेल्या हिंदी सैन्याची सर्वात मोठी फौज तिथे लढली. कूतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, आपल्या मराठा पलटणीही अडकल्या होत्या, आणि त्या मोहिमेच्या पहिल्या काळात वैद्यकीय व्यवस्थेची जी दुर्दशा झाली तिची पुढे सरकारी चौकशी करावी लागली. त्या आघाडीच्या रुग्णालयांपर्यंत स्कॉटलंडच्या दलदलीतलं मॉस पोचत होतं. वाळवंटात दलदलीचं गवत, असा तो प्रवास.

युद्ध संपलं, कापूस पुन्हा स्वस्त झाला आणि पट्टी बनवणारी केंद्रं बंद झाली. मॉसची कथा इथे संपायला हरकत नव्हती. पण इतिहासाच्या अभ्यासकाला या चार भावांची नावं पुढेही त्रास देत राहतात. ते का, हे सांगितल्याशिवाय आजचं बोलणं पुरं होणार नाही.

लिनियसने १७५३ मध्ये पालुस्ट्रे हे नाव दिलं तेव्हा आज आपण वेगळ्या मानतो अशा कितीतरी जाती त्या एका नावात कोंबलेल्या होत्या. बाकी मॉसच्या नावांची अधिकृत सुरुवात हेडविगच्या १८०१ च्या ग्रंथापासून धरतात. स्फॅग्नमला मात्र अपवाद म्हणून १७५३ ही तारीख दिली आहे. मॅगेलॅनिकमला नाव मिळालं १७९८ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीवरून. पॅपिलोसम वेगळं काढलं लिंडबर्ग यांनी, १८७२ मध्ये. म्हणजे पट्ट्यांसाठी जी जात सर्वोत्तम ठरली, ती वेगळी आहे हे विज्ञानाला कळून युद्धाच्या वेळी जेमतेम बेचाळीस वर्षं झाली होती. त्यातही जुन्या लिखाणात पालुस्ट्रेला सिम्बिफोलियम म्हटलेलं सापडतं. दोन कागदांवर दोन नावं, मॉस एकच.

पुढे उलट घडलं : एका नावाखाली अनेक मॉस निघाली. १९८० च्या दशकात नॉर्वेचे अभ्यासक शेल इव्हार फ्लाटबर्ग यांनी दाखवलं की इम्ब्रिकेटम म्हणून ओळखलं जाणारं युरोपातलं मॉस खरं तर दोन जातींचं आहे. त्यांना आज ऑस्टिनी आणि अफिने म्हणतात, आणि मूळ इम्ब्रिकेटम हे नाव पूर्व आशियातल्या मॉसकडे राहिलं. २०१८ मध्ये डीएनएच्या आधारे मॅगेलॅनिकमचीही वाटणी झाली. दक्षिणेकडच्या मॉसने नाव राखलं, आणि उत्तर गोलार्धातल्या लाल मॉसच्या डिव्हिनम आणि मेडियम अशा दोन जाती झाल्या. म्हणजे १९१८ च्या अमेरिकन कागदपत्रात ‘मॅगेलॅनिकम’ असं लिहिलेलं असेल, तर आजच्या अर्थाने ते मॅगेलॅनिकम नाही. लेखकाने त्या काळच्या ज्ञानानुसार अचूकच लिहिलं होतं, सरहद्द नंतर बदलली. जुन्या नकाशावर एखाद्या गावाचं नाव वाचताना आपण नकाशाचं साल पाहतो. वनस्पतीचं नाव वाचतानाही तेच करायला हवं.

ही काथ्याकूट वाटत असेल तर आणखी एक उदाहरण देतो. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, ज्याला आपण ओट्झी म्हणून ओळखतो. त्याच्या खांद्यात बाणाचं टोक होतं आणि हातावर खोल जखम होती. त्याच्या आतड्यांतून काढलेल्या नमुन्यांत मॉसच्या पानांचे बारीक तुकडे मिळाले. ग्लासगोचे मॉसतज्ज्ञ जेम्स डिक्सन यांनी त्यातला एक तुकडा इम्ब्रिकेटम गटातल्या स्फॅग्नमचा असल्याचं ओळखलं. दलदलीतलं मॉस पोटात कसं गेलं? एक शक्यता अशी मांडली गेली की हाताच्या जखमेवर त्याने हे मॉस दाबलं असावं आणि त्याच हाताने खाताना तुकडा पोटात गेला असावा. शक्यता म्हणूनच ती धरायची. पण ती मांडता आली याचं कारण, पानाच्या कणभर तुकड्यावरून मॉसचं घराणं सांगू शकणारा माणूस जगात होता.

ब्रिटनच्या जुन्या दलदली खोदल्या की पीटच्या थरांत ऑस्टिनीचे अवशेष मोठ्या प्रमाणात मिळतात. शतकानुशतकं तिथली दलदल मुख्यतः याच मॉसने रचली. आज जिवंत ऑस्टिनी तिथे दुर्मीळ झालं आहे. हा बदल कळतो तोसुद्धा पेशींच्या खुणा वाचून. शेजारच्या जातीपासून ते वेगळं काढता आलं नसतं, तर ‘पूर्वीही स्फॅग्नम होतं, आताही आहे’ असं म्हणून आपण पुढे गेलो असतो आणि एक जात हातातून निसटत चालल्याचं कोणाच्या ध्यानातही आलं नसतं.

आपल्या देशातही ही विद्या आहे. लाहोरला शिकवणाऱ्या शिवराम कश्यप यांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबातल्या लिव्हरवर्ट या मॉसच्या चुलत घराण्यावर १९२९ मध्ये ग्रंथ काढला. भारतीय ब्रायोलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. कोलकात्याचे एच. सी. गांगुली यांनी पूर्व भारतातल्या मॉसवरचं मोठं काम १९६९ ते १९८० या काळात भागाभागाने प्रसिद्ध केलं. स्फॅग्नम आपल्याकडे पूर्व हिमालयात आणि खासी टेकड्यांत वाढतं. ईशान्येत नोकरी केलेल्या कित्येक जवानांचे बूट त्यावरून गेले असतील.

आमच्या श्रोत्यांपैकी कोणी बेंगळुरूला असेल, कोणी भोपाळला, कोणी गुवाहाटीला. पुढच्या वेळी तुमच्या मुलाने किंवा नातवाने दोन सारखी दिसणारी पानं हातात घेऊन ‘ही वेगळी आहेत का हो?’ असं विचारलं, तर त्याला ‘सगळं शेवाळच’ म्हणून वाटेला लावू नका. दोनशे-तीनशे रुपयांचं दहापट भिंग आणून द्या आणि त्याच्याबरोबर बसून दहा मिनिटं बघा. मॉस मात्र उपटू नका. एक चिमूट तपासायला पुरते, आणि दलदलीत ते फार सावकाश साठतं.

पुढच्या भागात मेसोपोटेमियाच्या मोहिमेतल्या रुग्णवाहू होड्यांबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार.